अणुभट्टी आणि तपासनिसाची सही



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावणे पाठविले तेव्हा मी त्यांना विचारले, "कामगार चळवळीवर बोलू ना?" ते म्हणाले, "ते तर तुम्ही गेटवर नेहमीच बोलता. या खेपेला तुम्ही वाचनालयात बसून जे वाचता त्याविषयी बोला." म्हणून आजचा विषय. ज्या देशांत आजवर अणुवीज नव्हती असे काही देश आता अणुवीज केंद्रे उभारीत आहेत. तेथे सुरक्षिततेची घडी कशी बसवायची, हा तो विषय आहे.

माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते पाळी संपल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, आणि तेही शब्दकोश मांडीवर घेऊन. तेव्हा अणूच्या पोटात काय घडते हे सांगण्याचा अधिकार मी घेत नाही. त्यासाठी या सभागृहात माझ्याहून जाणते लोक बसलेले असतील. परंतु धोक्याच्या यंत्राजवळ माणसे कशी वागतात, कागद कसे लिहिले जातात आणि सह्या कशा होतात, हे मी पस्तीस वर्षे जवळून पाहिले आहे. त्या अनुभवाच्या बळावर बोलणार आहे.

"रिअॅक्टर" हा शब्द मी प्रथम ऐकला तो वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, रसायनांच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो तेव्हा. आमचा रिअॅक्टर म्हणजे पोलादी पिंप. आत रसायने मिसळायची, वाफेने तापवायची, दाब वाढला की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडावा अशी सोय. काही बिघडले तर वाफ बंद करा, थंड पाणी सोडा आणि पळा, एवढे ज्ञान आम्हांला पुरे असे. त्यामुळे अणुभट्टीविषयी वाचू लागलो तेव्हा माझी समजूत अशी की, ही आमच्याच रिअॅक्टरची थोरली बहीण असावी. खटका दाबला की बंद होईल. ही समजूत चुकीची निघाली, आणि ती चूक कळल्यावरच या विषयाचे गांभीर्य मला उमगले.

अणुभट्टी बंद करता येते. काही सेकंदांत बंद होते. परंतु ती विझत नाही. आपल्या घरची चूल आठवा. लाकडे ओढून घेतली तरी राखेखाली निखारे राहतात. अणुइंधनात तयार झालेली किरणोत्सर्गी द्रव्ये या निखाऱ्यांसारखी धगधगत असतात. भट्टी थांबविली त्या क्षणी तिच्या पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच असते. तासाभराने ती एक-दीड टक्क्यावर येते आणि मग सावकाश, दिवसांच्या आणि महिन्यांच्या हिशेबाने उतरते. सहा टक्के म्हणजे फार नाही, असे वाटेल. पण बांगलादेशात पद्मेच्या काठी उभारलेल्या भट्टीचे उदाहरण घ्या. ती वीज देते १२०० मेगावॉट. तिच्या पोटातली उष्णता मात्र सुमारे ३२०० मेगावॉट. त्याचे सहा टक्के काढा. बंद केलेल्या भट्टीतून त्या क्षणी जवळजवळ २०० मेगावॉट उष्णता बाहेर पडत असते. ती वाहून नेण्यासाठी पाणी हवे, पाणी फिरविण्यासाठी पंप हवा, पंपासाठी वीज हवी. आणि ही वीज भट्टी बंद असतानाच लागते, म्हणजे बाहेरून किंवा डिझेलच्या जनित्रातून आणावी लागते.

जपानात ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमा येथे हेच घडले. भूकंप झाला तेव्हा चालू असलेल्या भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या. भूकंपाने बाहेरची वीज तुटली, त्सुनामीच्या लाटेने डिझेलची जनित्रे बुडाली, पंप थांबले, आणि बंद केलेल्या तीन भट्ट्यांचे इंधन वितळले. यंत्रे आणि माणसे यांच्या बाबतीत जो देश जगाला धडे देत होता, त्याची ही स्थिती. मग ज्या देशाने हे काम कधी केलेच नाही, त्याने काय करावे?

यंत्र विकत मिळते. रशिया विकतो, कोरिया विकतो, फ्रान्स, अमेरिका आणि चीनही विकतात. कर्जही तेच देतात. परंतु यंत्राभोवतीची जी व्यवस्था लागते ती कोणी जहाजात घालून पाठवू शकत नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने, जिचे ठाणे व्हिएन्ना येथे आहे, २००७ साली अशा नवख्या देशांसाठी एक मार्गदर्शिका काढली. तीत तयारीच्या १९ बाबी सांगितल्या आहेत आणि त्या तीन टप्प्यांत पार पाडायच्या आहेत. पहिल्या टप्प्यात नीट विचार करून देशाने आपला निर्णय ठरवायचा. दुसऱ्यात निविदा मागविण्याइतकी तयारी करायची. तिसऱ्यात केंद्र बांधून ते चालविण्यास समर्थ व्हायचे. या सगळ्याला साधारण दहा ते पंधरा वर्षे लागतात असा तिचा अंदाज आहे.

त्या १९ बाबी मी तुम्हांला वाचून दाखवीत नाही. ते बाजाराच्या यादीसारखे होईल. परंतु त्यांत गंमत ही की, खुद्द यंत्राचा संबंध फारच थोड्यांशी आहे. कायदा आहे. नियामक मंडळ आहे. माणसांचे शिक्षण आहे. पैसा आहे. विजेचे जाळे आहे. आपत्तीची तयारी आहे, टाकाऊ किरणोत्सर्गी पदार्थांची सोय आहे. आणि ज्यांच्या शेजारी हे केंद्र उभे राहणार त्या लोकांना विश्वासात घेणे, हीदेखील त्यांतली एक बाब आहे.

विजेच्या जाळ्याचेच पाहा. साधारण ठोकताळा असा सांगतात की, एखादे यंत्र देशाच्या एकंदर जाळ्याच्या दहा टक्क्यांहून मोठे असू नये. ते अचानक थांबले तर सगळे जाळे कोसळायचे, आणि जाळे कोसळले तर भट्टीच्या पंपांना बाहेरची वीज मिळणार नाही. बांगलादेशात रूपपूर येथे केंद्र उभारण्याची कल्पना १९६१ सालची, म्हणजे पाकिस्तानच्या काळातली. प्रत्यक्ष पहिल्या भट्टीचे काँक्रीट ओतले गेले ३० नोव्हेंबर २०१७ रोजी. पद्मेच्या पलीकडे भेडामारा येथे भारतातून वीज नेणारे ठाणे आहे. १ नोव्हेंबर २०१४ रोजी तेथे बिघाड झाला आणि साऱ्या बांगलादेशात अंधार पडला. पुन्हा ४ ऑक्टोबर २०२२ रोजी त्या देशाचा बराच मोठा भाग काही तास विजेवाचून राहिला. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस अणुइंधनाचा पहिला साठा आला तेव्हा नदी ओलांडणाऱ्या वीजवाहिन्यांचे काम मागेच पडलेले होते. म्हणजे अणुभट्टीच्या सुरक्षिततेचा एक भाग भट्टीच्या आवारात नसतो. तो कोणा तारजोड्याच्या खांबावर असतो. या केंद्राशी आपलाही संबंध आहे. २०१७ साली भारत आणि बांगलादेश यांच्यात अणुसहकार्याचा करार झाला आणि २०१८ साली रशिया, भारत व बांगलादेश यांनी मिळून रूपपूरविषयी सामंजस्याचा करार केला. शेजाऱ्याच्या घरी नवी चूल पेटताना आपण मदतीला गेलो, हे योग्यच झाले. मात्र मदतीला जाणाऱ्याने आपल्या घरची चूलही तपासून घ्यावी. त्याविषयी पुढे बोलतो.

आता मी तुम्हांला एका सहीची हकीकत सांगतो. ती अणुभट्टीची नाही, माझी आहे.

मी हेल्परचा ऑपरेटर झालो होतो. सेफ्टी व्हॉल्व्ह ठरल्या मुदतीत काढून तपासायचा आणि रजिस्टरात नोंद करायची असा नियम होता. व्हॉल्व्ह काढायचा म्हणजे रिअॅक्टर थांबवायचा, एक बॅच जायची. त्या महिन्यात माल पाठविण्याची घाई होती. सुपरवायझर संध्याकाळी रजिस्टर घेऊन आला. "तपासला" असे आधीच लिहिलेले होते. तो म्हणाला, "सही कर, पुढच्या आठवड्यात काढूच." मी सही केली. मला कोणी धमकी दिली नव्हती. घरी लवकर जायचे होते, आणि सगळेच करीत होते, एवढेच कारण. पुढचा आठवडा आला आणि गेला. त्यानंतर एका रात्रपाळीत दाब चढला, व्हॉल्व्ह उघडला नाही, मॅनहोलचे गॅस्केट फुटले आणि उकळते रसायन बाहेर उडाले. समोर माझ्याच हाताखालचा हेल्पर उभा होता. त्याचा एक डोळा कायमचा गेला.

चौकशी झाली. अधिकाऱ्यांनी रजिस्टर उघडले. व्हॉल्व्ह तपासलेला होता! खाली माझी सही होती. कागद बिनचूक असल्यामुळे कंपनीकडे बोट दाखविता येईना. अपघात हा दैवाचा भाग ठरला. त्या हेल्परला जे मिळायला हवे होते त्याच्या निम्मेही मिळाले नाही, आणि ते माझ्या सहीमुळे मिळाले नाही. मी संघटनेच्या कामात पडलो तो या घटनेनंतर. लोक मला विचारतात, तुम्ही पुढारी कसे झालात? मी पुढारी झालो नाही. मी ती सही फेडतो आहे.

हे मी इतक्या तपशिलाने सांगितले, कारण अणुशक्तीच्या जगात हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडली आहे.

संयुक्त अरब अमिरातींनी अबुधाबीच्या पश्चिमेस, समुद्रकाठी बराका येथे चार भट्ट्यांचे केंद्र उभारले. नवख्या देशाने काम कसे करावे याचा नमुना म्हणून त्याचे नाव घेतात, आणि त्यात तथ्य आहे. एप्रिल २००८ मध्ये त्यांनी आपले धोरण छापून प्रसिद्ध केले. २००९ साली कायदा केला, वेगळे नियामक मंडळ स्थापन केले, त्याच्या प्रमुखपदी अमेरिकेच्या नियामक मंडळात काम केलेला अनुभवी माणूस आणला, आणि त्यानंतर, त्याच वर्षाच्या डिसेंबरात, कोरियाशी भट्ट्यांचा करार केला. हा क्रम लक्षात घ्या. तपासनीस आधी आला, विक्रेता नंतर.

परंतु विक्रेत्याच्या घरी काय चालले होते? कोरियात २०१२ साली उघडकीस आले की, अणुवीज केंद्रांना पुरविलेल्या हजारो सुट्या भागांची दर्जाची प्रमाणपत्रे बनावट होती. २०१३ साली सुरक्षा यंत्रणेच्या विद्युत तारांच्या चाचण्यांचे अहवालही खोटे निघाले. भट्ट्या बंद कराव्या लागल्या, माणसे तुरुंगात गेली. ज्या कोरियन भट्टीच्या नमुन्यावर बराकाची भट्टी बांधली जात होती, तिच्यातल्याही तारा काढून बदलाव्या लागल्या. वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमचे रजिस्टर उभे राहिले. "तपासला", आणि खाली सही. देश वेगळा, भाषा वेगळी, यंत्र हजारपट मोठे. सही मात्र तीच.

यातून नवख्या देशाने काय शिकायचे? हे की, विक्रेत्याच्या कागदावर विसंबता येत नाही. कागद वाचणारा आपला माणूस हवा. तार हातात घेऊन "ही चाचणी पुन्हा माझ्यासमोर करा" असे म्हणण्याइतके ज्ञान त्याला हवे, आणि असे म्हटल्यावर त्याची नोकरी टिकली पाहिजे. ज्ञान विद्यापीठात मिळेल. नोकरीची शाश्वती कायद्यानेच मिळते.

बराकाच्या पहिल्या भट्टीचे बांधकाम २०१८ साली पुरे झाले. राजे, प्रधान, पाहुणे सगळे तयार होते. तरीही इंधन भरले गेले नाही. चालविणाऱ्या माणसांची तयारी अजून पुरी झालेली नाही, असे सांगून मुदत पुढे ढकलली गेली. नियामक मंडळाचा परवाना मिळाला फेब्रुवारी २०२० मध्ये, आणि वीज जाळ्यात आली ऑगस्टात. बांधून तयार असलेले, अब्जावधींचे यंत्र दोन वर्षे थांबून राहिले. काही लोकांनी याला नामुष्की म्हटले. माझ्या मते त्या देशाने केलेल्या कामांत हे थांबणे सर्वांत शहाणपणाचे होते. चौथी भट्टी २०२४ च्या सप्टेंबरात व्यापारी तत्त्वावर चालू झाली आणि केंद्र पुरे झाले.

एवढी स्तुती केल्यावर मनातली शंकाही सांगितली पाहिजे. त्या देशात कामगारांना संघटना बांधण्याची मुभा नाही. तपासनीस प्रत्येक यंत्राजवळ सदैव नसतो. कामगार रोज असतो. त्याने तोंड उघडले तर त्याच्या पाठीशी कोण आहे? परदेशी सल्लागारांचा अहवाल कितीही जाड असला तरी या प्रश्नाचे उत्तर त्यात सापडत नाही.

कामगाराला नुसते बोलू देऊन भागत नाही. आपण काय हाताळतो आहोत हे त्याला कळले पाहिजे. जपानात टोकाईमुरा येथे ३० सप्टेंबर १९९९ रोजी अणुइंधन तयार करण्याच्या एका कारखान्यात तीन कामगार युरेनियमचे द्रावण टाकीत ओतीत होते. परवान्यात सांगितलेली रीत लांबलचक होती. कंपनीने स्वतःच तिला फाटा देणारी दुसरी रीत लिहून ठेवली होती, आणि कामगारांनी ती आणखी आखूड केली. द्रावण पोलादी बादल्यांतून ओतले जात होते. एका वेळी २.४ किलोची मर्यादा होती. टाकीत सुमारे १६ किलो युरेनियम गेले. निळा प्रकाश चमकला, साखळी प्रक्रिया सुरू झाली आणि ती सुमारे वीस तास चालली. दोन कामगार पुढे काही महिन्यांत मरण पावले. या माणसांना, आपण ओतीत असलेले द्रव्य ठरावीक वजनापलीकडे एकत्र आले तर काय होते, याचे धड शिक्षणच दिलेले नव्हते. त्यांना आळशी किंवा बेफिकीर म्हणणे सोपे आहे. ज्याला "कसे" तेवढे शिकविले आणि "का" शिकविलेच नाही, तो वाट आखूड करणारच. आखूड वाट त्याने स्वतःच्या सोयीसाठी घेतली. पण त्या सोयीचे मोजमाप करण्याची फूटपट्टी त्याच्या हाती कोणी दिलीच नव्हती.

तिसरी गोष्ट वाईट बातमी सांगण्याची. बेलारूस हा देश १९८६ सालच्या चेर्नोबिलच्या अपघाताने सर्वांत अधिक होरपळलेल्या देशांपैकी एक. त्या देशाने आपले पहिले अणुवीज केंद्र ऑस्त्रोवेत्स येथे बांधावयास घेतले. १० जुलै २०१६ रोजी एका भट्टीचे तीनशे टनांहून जड असे पोलादी पात्र उचलण्याची तालीम चालू असताना ते निसटले. ही बातमी लोकांना सरकारने सांगितली नाही. दोन-अडीच आठवड्यांनी एका स्थानिक नागरिकाने ती फोडली, आणि मग अधिकाऱ्यांना ती मान्य करावी लागली. पात्राला काहीच इजा झाली नाही, असे विक्रेत्याचे म्हणणे होते. अखेरीस पात्र बदलण्यात आले. ते खरोखर निकामी झाले होते की नव्हते, हा तज्ज्ञांचा प्रश्न आहे. माझा प्रश्न निराळा. ते पडले तेव्हा तेथे क्रेनवाले, रिगर, फिटर, मुकादम असे कितीतरी लोक असतील. त्यांच्यापैकी एकालाही ही गोष्ट मोकळेपणाने वर कळवावी आणि तिची जाहीर नोंद व्हावी असे वाटले नसेल काय? वाटले असेल. पण भीती मोठी असेल. चेर्नोबिलच्या आगीपासून सोव्हिएत राजवटीने सत्य दडविले, त्याची किंमत ज्या भूमीने मोजली, त्याच भूमीत तीस वर्षांनी असे व्हावे, ही खेदाची गोष्ट आहे.

आता तपासनीस कोणाचा, या प्रश्नाकडे येतो. कोलकात्यात १८६३ साली बॉयलरचा भयंकर स्फोट होऊन माणसे मेली, तेव्हा पुढच्या वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. साऱ्या देशासाठी १९२३ साली कायदा झाला. तो शंभराहून अधिक वर्षे चालला आणि २०२५ साली नव्या कायद्याने त्याची जागा घेतली. जुन्या गिरणी कामगारांना विचारा, बॉयलर इन्स्पेक्टर येणार म्हटले की मॅनेजरही कोट नीट करीत असे. का? कारण इन्स्पेक्टरचा पगार मॅनेजर देत नव्हता.

जपानात अणुवीज केंद्रांवर देखरेख करणारी संस्था ज्या मंत्रालयाखाली होती, त्याच मंत्रालयाचे काम अणुविजेचा प्रसार करणे हे होते. फुकुशिमानंतर जपानी संसदेने नेमलेल्या आयोगाने २०१२ साली स्पष्ट म्हटले की, ही आपत्ती मानवनिर्मित होती, आणि तपासणारे व तपासले जाणारे यांचे साटेलोटे तिच्या मुळाशी होते. त्यानंतर तेथे निराळे नियामक मंडळ आले.

आणि आपण? आपणही एके काळी नवखेच होतो. आपल्या महाराष्ट्रात तारापूरचे केंद्र १९६९ साली सुरू झाले. आशियातल्या अगदी पहिल्या अणुवीज केंद्रांपैकी ते एक. अमेरिकन कंपनीने ते बांधून दिले. अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले १५ नोव्हेंबर १९८३ रोजी, म्हणजे चौदा वर्षांनी. मध्यंतरी तपासणी होत नव्हती असे नाही. खात्याच्या स्वतःच्या समित्या ती करीत. पण मंडळ आले तेही सरकारी आदेशाने आले, त्याला स्वतंत्र कायद्याचे बळ नव्हते, आणि ते ज्या अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होते त्याचे अध्यक्ष म्हणजेच अणुऊर्जा खात्याचे सचिव. महालेखापरीक्षकांनी २०१२ साली आपल्या अहवालात यावर बोट ठेवले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा अणुऊर्जा कायदा संमत केला आणि त्यात या मंडळाला कायद्याचा आधार देण्याची तरतूद आली. खासगी कंपन्यांना दार उघडणाराही तोच कायदा आहे. म्हणून तपासनिसाचे बळ आता अधिकच मोलाचे झाले आहे. तारापूर ते हा कायदा, छप्पन्न वर्षांचे अंतर. शेजाऱ्याला सल्ला देताना आपण हे अंतर लपवू नये. उलट, "आमच्या हातून जे उशिरा झाले ते तुम्ही आधी करा" असे मोकळेपणाने सांगावे. त्याहून चांगली मदत दुसरी नाही.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. "गरीब देशांना विजेची गरज आज आहे. त्यांनी पंधरा वर्षे कायदे आणि समित्या करीत बसावे काय? सुरक्षितता ही श्रीमंतांची चैन आहे." या आक्षेपात दुःख आहे, म्हणून मी तो उडवून लावीत नाही. ज्या घरात रात्री दिवा नाही त्या घराला धीर धर म्हणणे सोपे नसते. अणुवीज नको असेही माझे म्हणणे नाही. परंतु घाईचा हिशेब मांडून पाहा. फिलिपाइन्समध्ये बातान येथे १९७६ साली अणुवीज केंद्राचे बांधकाम सुरू झाले. हुकूमशहा मार्कोसची राजवट होती. करारात लाच दिल्याघेतल्याचे आरोप झाले, बांधणीतल्या उणिवा पुढे आल्या. दोन अब्ज डॉलरांहून अधिक खर्च होऊन केंद्र उभे राहिले. १९८६ साली मार्कोस गेला, चेर्नोबिल घडले, आणि त्या केंद्रावर विश्वास ठेवायला कोणी तयार होईना. त्यातून एक युनिटदेखील वीज निघाली नाही. कर्जाचे हप्ते मात्र जनता २००७ सालापर्यंत भरीत राहिली. लोकांचा विश्वास मिळविला नाही, तपासणीला मान दिला नाही, तर गरिबाची बचत अशी मातीत जाते. मग चैन कोणती आणि काटकसर कोणती?

आपल्या देशात भोपाळचा अनुभव आहे. १९८४ च्या डिसेंबरातील त्या रात्री विषारी वायू थंड ठेवणारी शीतक यंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. तंत्र परदेशातून आले होते. ते सांभाळण्याची शिस्त काटकसरीच्या नावाखाली थोडी थोडी काढून घेतली गेली होती. कामगार संघटनांनी त्यापूर्वी तक्रारी केल्या होत्या. त्या तक्रारी कोणत्या फायलीत गेल्या हे विचारण्यात आता अर्थ नाही. त्या ऐकण्याचे बंधन कोणावर नव्हते, एवढे ध्यानी घेतले म्हणजे झाले.

आमच्या संघटनेने माझ्या त्या सहीनंतर दोन वर्षे भांडून करारात एक कलम घालून घेतले. तपासणी न झालेल्या यंत्रावर काम करण्यास नकार देणाऱ्या कामगाराचा पगार कापायचा नाही, त्याला मेमो द्यायचा नाही. पहिल्या वर्षी मालक म्हणत, "आता रोज काम बंद पडेल." प्रत्यक्षात त्या वर्षी तीन वेळा काम थांबले, आणि तिन्ही वेळा थांबविणाऱ्याचे म्हणणे खरे निघाले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ सालच्या १५५ क्रमांकाच्या करारातही असेच तत्त्व आहे: जिवाला तत्काळ व गंभीर धोका आहे असे सकारण वाटून जो काम सोडून बाजूला होतो त्याला संरक्षण मिळाले पाहिजे. २०२२ साली त्या संघटनेने सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हा कामगाराचा मूलभूत हक्क मानला. अणुवीज केंद्र उभारू पाहणाऱ्या प्रत्येक नव्या देशाने आपल्या कायद्यात हे कलम पहिल्या दिवसापासून घालावे, आणि ठेकेदाराच्या हंगामी मजुरालाही ते लागू करावे. किरणोत्सर्गाची मात्रा कायम नोकराच्या शरीरात जशी मोजायची तशीच ठेकेदाराच्या मजुराच्या शरीरातही मोजली पाहिजे. तो मजूर आज या कामावर, उद्या त्या. त्याचे एकूण माप ठेवणारी वही एकच असली पाहिजे.

शेवटी आपल्याविषयी, म्हणजे या सभागृहात बसलेल्या तुमच्याआमच्याविषयी. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. राज्यकारभार आणि शास्त्र हे विषय साध्या नागरिकालाही कळले पाहिजेत, ही त्यामागची भावना. लोकांना विश्वासात घेणे ही त्या १९ बाबींपैकी एक आहे, असे मी आरंभी सांगितले. नवख्या देशांत ती बाब पुष्कळदा रंगीत पत्रके वाटून उरकली जाते. तिचा खरा अर्थ असा की, गावातल्या शिक्षकाने, दुकानदाराने, कोळणीने उठून विचारावे: "तपासनिसाचा पगार कोण देतो? काम थांबविण्याचा अधिकार कोणाला आहे? मागच्या वर्षी काय काय बिघडले, ते आम्हांला वाचून दाखवा." आणि ज्याला विचारले त्याला उत्तर द्यावे लागावे.

माझ्या त्या हेल्परचा मुलगा आज इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक आहे. मागल्या वर्षी तो मला भेटला. म्हणाला, "काका, परवा मला एका कागदावर सही करायला सांगितली. गेज मी पाहिलेले नव्हते. मी म्हटले, आधी गेज दाखवा." मी विचारले, "मग?" तो म्हणाला, "मग काय, दाखविले. दोन तास गेले."

दोन तास गेले, एवढेच. पद्मेच्या काठी, समुद्रकाठच्या वाळूत, जिथे जिथे नव्या भट्ट्या उभ्या राहत आहेत तिथे असे दोन तास मागणारी माणसे तयार होवोत, आणि ते दोन तास देणारे कायदे होवोत, अशी इच्छा व्यक्त करतो.